सहासष्ट धावा

अमेरिकेत बेसबॉलची पहिली व्यावसायिक स्पर्धा १८७१ साली झाली. त्या हंगामात सर्वाधिक धावा काढणाऱ्या पाच खेळाडूंची यादी अशी आहे : बोस्टनच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाचा रॉस बार्न्स, ६६ धावा, त्याच संघाचा डेव्ह बर्डसॉल, ५१, फिलाडेल्फियाच्या ‘अ‍ॅथलेटिक’ संघाचे नेड कथबर्ट आणि जॉन रॅडक्लिफ, प्रत्येकी ४७, आणि वॉशिंग्टनच्या ‘ऑलिंपिक’ संघाचा फ्रेड वॉटरमन, ४६.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे आकडे किरकोळ वाटतील. सहासष्ट धावा आपल्याकडचा बरा फलंदाज एका दुपारी काढतो. बार्न्सने त्या ३१ सामन्यांत काढल्या, म्हणजे सामन्यामागे दोनाहून थोड्या अधिक. तरीही बेसबॉलच्या मापाने हा आकडा अचाट आहे. आज त्या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत एखाद्याने हंगामभर सामन्यामागे एक धाव काढली, तरी त्याचे नाव गाजते.

खेळातले आकडे हा इतिहासाचा सर्वांत निर्विवाद पुरावा आहे, अशी आपली समजूत असते. राजेरजवाड्यांच्या बखरीत अतिशयोक्ती असेल, पण धावफलकात कसली? या लेखात त्या पाच ओळींच्या यादीकडे बखरीकडे पाहावे तसे पाहायचे आहे. धाव कशाला म्हणायचे हे कोणी ठरवले, ती कोणत्या नियमांखाली निघाली, ती वही पुढे कोणी खरी मानली, आणि मुळात बॅट कोणाच्या हाती दिली गेली, हे चार प्रश्न तिला विचारायचे आहेत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत जड आहे.

धाव कोणाची?

बेसबॉलचे मैदान म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एक ‘होम’, म्हणजे घर, आणि बाकीचे तीन बेस. फलंदाज घरापाशी उभा राहून पिचरने फेकलेला चेंडू टोलवतो आणि पहिल्या बेसकडे धावतो. तेथून दुसरा, तिसरा आणि परत घर, असा फेरा पूर्ण झाला की एक धाव. एका फटक्यात सगळा फेरा क्वचितच पूर्ण होतो. बहुतेक वेळा पहिला गडी बेसवर थांबतो, मागचे गडी फटके मारतात आणि तो टप्प्याटप्प्याने घरी येतो.

क्रिकेटशी तुलना केली की फरक नीट कळतो. क्रिकेटमध्ये दोघे धावतात, पण धाव जमा होते ती फटका मारणाऱ्याच्या नावावर. बेसबॉलमध्ये नेमके उलटे आहे. फटका मारला मागच्याने, पण धाव लिहिली जाते घरी पोहोचणाऱ्याच्या नावावर. ज्याच्या फटक्यामुळे तो घरी आला, त्याचे श्रेय आज वेगळ्या रकान्यात मोजतात. पण तो रकाना अधिकृत झाला १९२० साली. १८७१ मध्ये घरी आलेला तो धनी, एवढाच हिशेब होता.

म्हणूनच बार्न्सच्या नावापुढे एक विचित्र जोडी दिसते. त्याने सुरक्षित फटके मारले ६३ आणि धावा काढल्या ६६. फटक्यांपेक्षा धावा जास्त. बर्डसॉलचे फटके ४६ आणि धावा ५१. कथबर्टची गोष्ट तर आणखी नवलाची. त्याचे फटके अवघे ३७ आणि धावा ४७. म्हणजे ज्याच्या बॅटीतून हंगामभर जेमतेम सदतीस फटके निघाले, तो धावांच्या यादीत तिसऱ्या स्थानी बसला.

याचे उत्तर त्या काळच्या मैदानावर आहे. क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवत. हातमोज्यांची चाल अजून पडलेली नव्हती. जमीन खडबडीत असे. चेंडू हातातून निसटे, फेक चुके, आणि फटका न मारताही गडी बेसवर पोहोचे. पिचरला खांद्याखालून, हात सरळ ठेवून चेंडू टाकावा लागे. तोही ४५ फुटांवरून. शिवाय चेंडू उंच हवा की खाली, हे सांगण्याचा अधिकार त्याच वर्षी फलंदाजाला मिळाला होता. परिणामी एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सरासरी एकवीसच्या आसपास धावा होत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त धावा क्षेत्ररक्षकांच्या चुकांमधून आलेल्या असत. आज दोन्ही संघ मिळून नऊच्या आसपास धावा होतात.

दुसरे उत्तर संघात आहे. बोस्टनने ३१ सामन्यांत ४०१ धावा काढल्या. त्यांतल्या दर सहा धावांमागे एक बार्न्सची. त्या संघात कॅल मॅकव्हे नावाचा फलंदाज होता. त्याने त्या हंगामात सर्वाधिक, म्हणजे ६६ सुरक्षित फटके मारले, पण त्याच्या स्वतःच्या धावा ४३. एकाचे सहासष्ट फटके आणि दुसऱ्याच्या सहासष्ट धावा, हा योगायोग खराच. पण त्यांतून एक गोष्ट उघड होते. बेसबॉलमधली धाव ही एकट्याची कमाई कधीच नसते. बार्न्सच्या पायांत वेग होता, बेसवर पोहोचण्याची हातोटी होती. पण त्याला घरी आणायला मागे माणसे लागत. फोर्ट वेनसारख्या दुबळ्या संघात तोच बार्न्स असता, तर पहिल्या क्रमांकावर दुसरेच नाव दिसले असते.

क्रिकेटच्या वहीतून आलेला हिशेब

धावेला एवढे महत्त्व आले कोठून? न्यू यॉर्कच्या ‘निकरबॉकर’ क्लबने १८४५ साली नियम लिहून काढले, तेव्हा धावेला ‘एस’, म्हणजे पत्त्यांतला एक्का, असे म्हटले होते. जो संघ आधी एकवीस एक्के करील तो जिंकला. १८५७ साली ही पद्धत जाऊन नऊ डावांचा सामना ठरला. खेळाडूंचा वैयक्तिक हिशेब ठेवण्याची शिस्त लागली ती प्रामुख्याने हेन्री चॅडविक या पत्रकारामुळे.

चॅडविक मूळचा इंग्रज. जन्म एक्सेटरचा, १८२४चा. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तान्त लिहू लागला. बेसबॉलकडे वळताना क्रिकेटचा तक्ता तो बरोबर घेऊन आला. त्याच्या सुरुवातीच्या तक्त्यांत खेळाडूच्या नावापुढे दोनच मुख्य रकाने असत. किती धावा काढल्या आणि किती वेळा बाद झाला. वर्षअखेरची सरासरीही क्रिकेटच्या वळणाची होती. १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याला आणि इतरांना सुरक्षित फटके वेगळे मोजण्याची गरज वाटू लागली, कारण धावेत संघाचा आणि प्रतिपक्षाच्या चुकांचा वाटा फार आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण जुनी सवय लगेच सुटत नाही. १८७१च्या वाचकाची नजर आधी धावांच्या रकान्यावर जाई.

आज त्या हंगामाचा सर्वश्रेष्ठ फलंदाज म्हणून अभ्यासक बहुधा फिलाडेल्फियाच्या लेव्ही मायर्लीचे नाव घेतात. त्याची फलंदाजीची सरासरी होती ०.४९२. दोन वेळा बॅट हातात घेतली की जवळजवळ एकदा सुरक्षित फटका. पण त्याच्या धावा ४५. आपल्या पाच ओळींच्या यादीत तो येत नाही. एकच हंगाम, एकच वही. रकाना बदलला की नायक बदलतो.

दहा डॉलरची स्पर्धा

बेसबॉल खेळण्यासाठी पैसे घेणे १८६०च्या दशकात चोरून चालत असे. १८६९ साली सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने उघडपणे सगळे खेळाडू पगारी ठेवले. त्यांचा कप्तान हॅरी राइट हाही जन्माने इंग्रज, शेफिल्डचा, आणि मूळचा व्यावसायिक क्रिकेटपटू. त्या वर्षी तो संघ एकही सामना हरला नाही. १८७०च्या जून महिन्यात ब्रुकलिनच्या ‘अ‍ॅटलांटिक’ संघाने त्यांना अकरा डावांत ८–७ असे हरवले. हार झाली, गर्दी ओसरली आणि वर्षअखेर क्लबने पगारी संघ मोडून टाकला. हॅरी राइट धाकटा भाऊ जॉर्ज आणि आणखी काही खेळाडूंना घेऊन बोस्टनला गेला. संघाचे नावही त्याने बरोबर नेले. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावच्या ‘फॉरेस्ट सिटी’ क्लबमधून त्याने दोन तरुण उचलले. एक पिचर अ‍ॅल स्पॉल्डिंग आणि दुसरा रॉस बार्न्स, वय वर्षे वीस.

१७ मार्च १८७१ रोजी न्यू यॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलवजा गुत्त्यात व्यावसायिक क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॅशनल असोसिएशन’ स्थापन केली. प्रवेश फी दहा डॉलर. ब्रुकलिनच्या ‘एकफर्ड’ क्लबला तेवढा भरवसाही वाटला नाही आणि तो सुरुवातीला बाहेर राहिला. शेवटी नऊ संघ उतरले. सामन्यांचे पक्के वेळापत्रक नव्हते. प्रत्येक क्लबने दुसऱ्याशी पत्रव्यवहार करून पाच सामन्यांची मालिका ठरवायची. त्यामुळे न्यू यॉर्कच्या ‘म्युच्युअल’ संघाचे सामने झाले ३३ आणि फोर्ट वेनच्या ‘केकिओंगा’चे १९. तो क्लब हंगामाच्या मध्येच मोडला. धावांच्या एकूण बेरजेची यादी वाचताना ही विषमता मनात ठेवावी लागते.

पहिला सामना ४ मे १८७१ रोजी फोर्ट वेन येथे झाला आणि तो त्या काळाला मुळीच शोभणारा नव्हता. केकिओंगाने क्लीव्हलंडला २–०ने हरवले. पावसाने शेवट लवकर झाला. धावांचा पूर येणाऱ्या त्या हंगामाची सुरुवात अशी दोन धावांनी झाली.

बोस्टनला सुरुवातीलाच धक्का बसला. जॉर्ज राइट हा त्या काळचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप. त्याच्या पायाला इजा झाली आणि ३१पैकी १६ सामनेच तो खेळू शकला. दुसऱ्या बेसवरचा बार्न्स अनेकदा त्याच्या जागी उभा राहिला. धावा काढणे आणि धावा अडवणे, दोन्ही कामे या वीस-एकवीस वर्षांच्या मुलावर पडली. तरीही बोस्टन जिंकले नाही. विजेतेपदाचा निकाल मैदानावर जितका लागला, तितकाच कागदावरही लागला. रॉकफर्डने एक खेळाडू नियमाने ठरलेला काळ न थांबता खेळवला, म्हणून त्यांचे चार विजय काढून घेऊन प्रतिपक्षांना देण्यात आले. त्याचा फायदा फिलाडेल्फियालाही मिळाला.

शिकागोची कथा वेगळी. तेथला ‘व्हाइट स्टॉकिंग्ज’ संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असताना ८ ऑक्टोबरच्या रात्री शहराला आग लागली. ती १० तारखेपर्यंत धुमसत होती. तळ्याकाठचे मैदान, बाके, गणवेश, सगळे जळाले. उरलेले सामने संघाने परगावी, मागून आणलेल्या वेगवेगळ्या कपड्यांत खेळले. ३० ऑक्टोबरला ब्रुकलिनच्या त्रयस्थ मैदानावर मोजक्या प्रेक्षकांसमोर फिलाडेल्फियाने त्यांना ४–१ असे हरवले आणि पहिले व्यावसायिक विजेतेपद अ‍ॅथलेटिक क्लबकडे गेले. शिकागोचा संघ पुढची दोन वर्षे स्पर्धेत उतरला नाही.

नियम बदलला, माणूस पुसला

बार्न्सची ही कामगिरी एका वर्षाची चमक नव्हती. १८७३ साली त्याने ६० सामन्यांत १२५ धावा काढून पुन्हा पहिला क्रमांक मिळवला. १८७५ साली ११५ धावा काढून तिसऱ्यांदा. मधल्या दोन वर्षांत हा मान न्यू यॉर्कच्या डेव्ह एगलरला (१८७२, ९४ धावा) आणि मॅकव्हेला (१८७४, ९१ धावा) मिळाला. १८७६ साली नॅशनल असोसिएशनच्या जागी ‘नॅशनल लीग’ आली. बार्न्स, स्पॉल्डिंग आणि मॅकव्हे शिकागोकडे गेले. नव्या लीगच्या पहिल्याच हंगामात बार्न्सने ६६ सामन्यांत १२६ धावा काढल्या, सरासरी ०.४२९ ठेवली, आणि त्या लीगमधला पहिला ‘होम रन’ही त्याच्याच नावावर आहे. सहा वर्षांत चार वेळा धावांच्या यादीत पहिला.

आणि मग तो जवळजवळ नाहीसा झाला. याचे प्रचलित कारण एका नियमात सांगितले जाते. त्या काळी फटक्याचा चेंडू आधी मर्यादेच्या आत जमिनीला लागला, की नंतर तो बाहेर गेला तरी वैध धरत. बार्न्स बॅट खाली दाबून चेंडू घराच्या अगदी समोर आपटे. चेंडू भोवऱ्यासारखा फिरत मर्यादेबाहेर दूर निघून जाई, क्षेत्ररक्षक त्यामागे धावत, तोवर बार्न्स बेसवर. ही युक्ती त्याने शोधलेली नव्हती. तिचे जनकत्व ब्रुकलिनच्या डिकी पिअर्सकडे जाते. पण तिची कला केली बार्न्सने. १८७७ पासून नियम बदलला. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचण्याआधी चेंडू बाहेर गेला तर तो अवैध ठरू लागला.

त्याच वर्षी बार्न्सला हिवतापाने गाठले. तो २२ सामनेच खेळला. आजारपणातला पगार क्लबने दिला नाही, म्हणून तो न्यायालयात गेला आणि हरला. नंतर १८७९ आणि १८८१ असे दोन हंगाम तो खेळला, पण पूर्वीचा बार्न्स परत दिसला नाही. नियमामुळे तो संपला की तापामुळे, हा वाद जुना आहे. माझ्या मते तापाचे पारडे जड आहे. नुसत्या एका युक्तीवर कोणी सहा वर्षे अव्वल राहत नाही, आणि त्याच्या समकालीनांनी त्याच्या सरळ, दणकट फटक्यांचीही तारीफ केली आहे. पण नियमाची कथा सांगायला सोपी आहे. तिच्यात एक बोध आहे. पळवाट बंद झाली आणि लबाडाचे सोंग उघडे पडले, असा तो बोध. म्हणून तीच टिकली. वस्तुतः नियमाप्रमाणे खेळणाऱ्याला लबाड म्हणण्याचे काहीच कारण नाही.

वही कोणती खरी?

पुढे १९६९ साली अमेरिकेत बेसबॉलच्या नोंदी एकत्र करण्यासाठी एक विशेष समिती बसली. कोणत्या लीगला ‘मेजर’, म्हणजे अव्वल दर्जाची मानायचे, हे तिने ठरवले. नॅशनल असोसिएशनला तिने तो दर्जा नाकारला. अनियमित वेळापत्रक आणि ढिसाळ कारभार ही कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. पण त्यामुळे १८७१ ते १८७५ ही पाच वर्षे अधिकृत नोंदींच्या दाराबाहेर राहिली. बार्न्सचे उत्तम दिवस त्यांतच होते. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात जाण्यासाठी दहा हंगामांची अट आहे. बार्न्सचे एकूण हंगाम भरतात नऊ. त्याच्याबरोबर खेळलेले स्पॉल्डिंग आणि राइट बंधू तेथे आहेत. तो नाही. १९१५ साली शिकागोत त्याचा मृत्यू झाला.

म्हणजे ६६ हा आकडा छापील पुस्तकांत आहे, पण अधिकृत इतिहासात नाही. एका माणसावर झालेला हा अन्याय म्हणून काही अभ्यासक त्याची बाजू आजही मांडतात, आणि ती मांडण्यासारखी आहे. मात्र १८७१च्या यादीतून बाहेर राहिलेल्यांत बार्न्स सर्वांत दुर्दैवी नव्हे. तो निदान यादीत आहे. यादीतच येऊ न दिलेल्यांची हकीकत पाहायची, तर विजेत्या अ‍ॅथलेटिक संघाच्या गावी जावे लागते.

फिलाडेल्फियातला दुसरा कप्तान

फिलाडेल्फियात ‘पिथियन’ नावाचा बेसबॉल क्लब होता. तो शहरातल्या सुशिक्षित कृष्णवर्णीयांनी यादवी युद्धाच्या अखेरीस स्थापन केला होता. त्याचा कप्तान ऑक्टेव्हियस कॅटो. जन्म १८३९चा, दक्षिणेतल्या चार्ल्सटनचा. वडील धर्मोपदेशक. कॅटो फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या नामांकित संस्थेत शिकला आणि तेथेच इंग्रजी आणि गणित शिकवू लागला. घोड्यांच्या ट्रामगाड्यांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. त्याविरुद्धच्या लढ्यात तो पुढे होता. १८६७ साली पेनसिल्व्हेनियाने कायदा करून हा भेद बंद केला. मैदानावर कॅटोची जागा दुसऱ्या बेसवरची. बार्न्सचीही तीच.

१८६७च्या उन्हाळ्यात पिथियन आणि वॉशिंग्टनचा ‘अलर्ट’ क्लब यांचा सामना झाला. अलर्टकडून फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा चार्ल्स खेळत होता आणि तो पाहायला स्वतः डग्लस हजर होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पिथियनने राज्य संघटनेच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. हॅरिसबर्गच्या अधिवेशनाला त्यांचा प्रतिनिधी रेमंड बर गेला. अ‍ॅथलेटिक क्लबच्याच एका पदाधिकाऱ्याने सहानुभूतीने त्यांचा अर्ज मांडला. पण मतदान झाले तर अर्ज फेटाळला जाणार, हे दिसत होते. तो अपमान टाळायचा तर अर्ज मागे घ्या, असा सल्ला ‘हितचिंतकां’नी दिला, आणि अर्ज मागे घेण्यात आला.

डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले. तेही फिलाडेल्फियातच. ज्या क्लबमध्ये एक जरी कृष्णवर्णीय असेल, त्याला सभासद करू नये असे तेथे ठरले. कारण दिले ते मासलेवाईक होते. त्यांना घेतले तर संघटनेत मतभेद होतील. न घेतले तर कोणाचेही नुकसान होणार नाही. ‘कोणाचेही’ या शब्दात कोण कोण धरले होते, हे निराळे सांगायला नको.

१८६९च्या सप्टेंबरमध्ये पिथियनचा ‘ऑलिंपिक’ या गोऱ्यांच्या क्लबशी उघड सामना झाला. पिथियन ४४–२३ असे हरले. पुढच्या महिन्यात ‘सिटी आयटम’ या वृत्तपत्राच्या गोऱ्या संघाला त्यांनी २७–१७ असे हरवले. मैदानावर दोघांना एकत्र उतरता येत होते, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागू शकत होता. अडचण खेळाची नव्हती.

१८७१ मध्ये व्यावसायिकांची नवी संघटना झाली, तेव्हा तिने वर्णाविषयी लेखी नियम केला नाही. त्याची गरजच उरली नव्हती. ट्रॉयच्या संघात त्या वर्षी क्यूबाचा एस्तेबान बेयान होता, ज्यू असलेला लिप पाइक होता. आयरिश, जर्मन, इंग्रज तर सगळीकडेच होते. यादी इतकी मोकळी होती. कृष्णवर्णीय मात्र एकही नव्हता.

त्या हंगामातली १० ऑक्टोबर ही तारीख शिकागोच्या आगीचा शेवटचा दिवस म्हणून वर आली आहे. फिलाडेल्फियात तो मतदानाचा दिवस होता. घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळाला होता. त्यांनी मतदान करू नये म्हणून गुंडांनी त्या दिवशी रस्त्यांवर हल्ले केले. कॅटो साउथ स्ट्रीटवरच्या आपल्या घराकडे येत असताना फ्रँक केली नावाच्या माणसाने त्याला गोळ्या घातल्या. कॅटो ३२ वर्षांचा होता. त्या दिवशी आणखीही कृष्णवर्णीय मारले गेले. केली पळाला, सहा वर्षांनी शिकागोत सापडला, त्याच्यावर खटला चालला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असूनही १८७७ मध्ये तो निर्दोष सुटला. कप्तान गेल्यावर पिथियन क्लबही मोडला. वीस दिवसांनी अ‍ॅथलेटिक संघाने विजेतेपद मिळवले.

या तारखांशेजारी मराठी वाचकाला आणखी एक साल आठवेल. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचरणी लोकांना अर्पण केले. त्या अर्पणामागचा आदर योग्यच होता. लाखोंच्या पायांतल्या बेड्या तुटल्या होत्या. कॅटोचा मृत्यू त्या आदराला खोटे पाडत नाही. बेडी तुटणे आणि पंगतीत पान मिळणे यांत किती अंतर असते, एवढे तो दाखवतो, आणि ते अंतर जोतीरावांइतके चांगले कोणाला ठाऊक होते?

यादीचे शीर्षक

आकडे बदलत नाहीत, हाही एक समज आहे. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या ‘मेजर लीग’ने १९२० ते १९४८ या काळातल्या सात ‘निग्रो लीग’ना अव्वल दर्जा दिला. मे २०२४मध्ये त्यांचे आकडे अधिकृत वहीत मिसळण्यात आले, आणि कारकिर्दीतल्या सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉबकडून जॉश गिब्सनकडे आला. त्याची सरासरी ०.३७२. गिब्सनने मेल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी एकही नवा फटका मारलेला नव्हता. बदलले ते वहीचे पुठ्ठे. नॅशनल असोसिएशनची पाच वर्षे मात्र अजून बाहेरच आहेत.

कॅटोला तसा न्याय आकड्यांत मिळणे शक्य नाही. त्याचा क्लब कोणत्याही लीगमध्ये नव्हता, कारण त्याला कोणत्याच संघटनेत घेतले नाही. पिथियनचा पत्रव्यवहार आणि काही सामन्यांच्या गुणपत्रिका फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया इतिहास मंडळाच्या संग्रहात जपलेल्या आहेत. त्यांतही तोच चॅडविकच्या वळणाचा हिशेब आहे. नावे, बाद झाल्याच्या खुणा, धावा. तीच भाषा, तोच खेळ, तेच शहर. २०१७च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या नगरभवनासमोर कॅटोचा पुतळा उभा राहिला. एका कृष्णवर्णीय व्यक्तीचे त्या शहराच्या सार्वजनिक जागेवरचे ते पहिले स्मारक.

रॉस बार्न्सच्या सहासष्ट धावांतली एकही धाव कमी करण्याचे कारण नाही. त्या त्याने धावूनच काढल्या, आणि पहिल्या ओळीवरचे नाव तेथेच राहावे. बदलायचे ते यादीचे शीर्षक. ‘१८७१ मधील अमेरिकेतील सर्वाधिक धावा’ असे ते सर्रास छापले जाते. त्याऐवजी ‘कृष्णवर्णीयांना बंद असलेल्या नऊ संघांच्या स्पर्धेतील सर्वाधिक धावा’ असे छापावे. ते लांब आहे, कानाला गोड लागत नाही. पण त्यामुळे आकडा तोच राहतो आणि वाचणाऱ्याला त्याची हद्द कळते. सीमा लिहिलेली नसेल तर जमिनीच्या उताऱ्यालाही कोणी विचारत नाही. धावांच्या उताऱ्याला तरी का विचारावे?